मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याचकडे मन मोकळं करायचं?

कॉलेजात मेंटॉर-मेंटी नावाचा एक प्रकार असतो. वर्गातली वीस-पंचवीस पोरं एका सरांच्या नाहीतर मॅडमच्या नावावर लावून द्यायची, वर्षातून तीन-चार वेळा त्यांच्याशी बोलायचं आणि फॉर्म भरून घ्यायचा. नाव, रोल नंबर, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचा मोबाईल नंबर, अडचणी, मेंटॉरचा शेरा, खाली दोघांच्या सह्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे आम्ही सगळे म्हणतो तसं सीएचबीवर, शिकवत होतो तेव्हा असे गठ्ठेच्या गठ्ठे फॉर्म बघितलेत. अडचणींच्या रकान्यात पोरं काय लिहितात माहितीये? 'नाही'. जवळपास सगळी 'नाही' लिहितात. एखादा लिहितो लायब्ररीत पुस्तक मिळत नाही, एखादी लिहिते एसटी वेळेवर येत नाही, बाकी सगळं 'नाही'. पहिल्या तासाला जिचे डोळे सुजलेले दिसतात तिच्या फॉर्मवर पण 'नाही'च असतं, आणि शेऱ्यात 'चर्चा केली, प्रगती समाधानकारक'.

त्या मुलीला साधा हिशेब कळत असतो. हा कागद ज्या सरांकडे जाणार तेच सर इंटर्नलचे मार्क देणार, तेच जर्नलवर सही करणार, अटेंडन्स कमी पडली तर तेच घरी फोन लावणार, आणि कागद शेवटी जाऊन बसणार नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत, कारण किती विद्यार्थ्यांमागं एक मेंटॉर आहे हे नॅकला दाखवावं लागतं. अशा कागदावर रात्र रात्र झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं कोण लिहील? तुम्ही तुमच्या साहेबाला असं लिहून द्याल का?

म्हणून मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. कॉलेजच्या पोरांच्या मानसिक आरोग्यासाठी खरंच काही करायचं असेल तर पहिलं काम हे की मन मोकळं करायची जागा मार्कांच्या यंत्रणेतून बाहेर काढा. शिकवत नाही, पेपर तपासत नाही, हजेरी घेत नाही असा पूर्णवेळ, पगारी, शिकलेला काउन्सेलर नेमा. ते न करता १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून सेमिनार हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं, बॅनर लावून फोटो काढले, तर त्या पोरीच्या फॉर्मवर पुढच्या वर्षी पण 'नाही'च येणार आहे.

आकडे बघा म्हणजे हा विषय किती गंभीर आहे ते कळेल. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि त्यात सगळ्यात वरचं नाव आपल्या महाराष्ट्राचं, १,७६४. आपण राजस्थानातल्या क्लासेसवरून कोटा कोटा करतो, पण हा आकडा आपल्या घरातला आहे. आणि ह्या झाल्या जीव गेल्याच्या नोंदी, जी पोरं नुसतीच कॉलेज सोडून देतात, परीक्षेला बसतच नाहीत, खोलीतून बाहेर पडत नाहीत, त्यांची मोजणी कुणी करत नाही. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते हे डॉक्टर कधीचं सांगतायत, म्हणजे नेमक्या ज्या वयात पोरगं कॉलेजच्या ताब्यात असतं त्याच वयात. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर असं निघालं की आजारानुसार बघितलं तर ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही माणसं एकदम वेडी होत नसतात, नुसती गप्प होतात.

आणि आता कॉलेजांना 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची पण सोय राहिलेली नाही. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या केसमध्ये पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवरून ती केस होती. कोर्टाने म्हटलं की मानसिक आरोग्य हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि कायदा होईपर्यंत या सूचना शाळा, कॉलेज, विद्यापीठ, क्लास, होस्टेल सगळ्यांना लागू. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, स्टाफला वर्षातून दोनदा तरी ट्रेनिंग द्यायचं, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायचे. शंभर विद्यार्थी! आपल्या शहरातल्या कुठल्या कॉलेजात शंभर पोरं नाहीत सांगा.

पण मला भीती वेगळीच वाटते. या सूचनेची अंमलबजावणी आपल्याकडे कशी होईल ते मला आत्ताच दिसतंय. एखाद्या सायकॉलॉजीच्या नाहीतर समाजशास्त्राच्या मॅडमना ऑर्डर निघेल, 'आपल्याकडे समुपदेशन कक्षाचा अतिरिक्त कार्यभार', स्टाफरूमच्या शेजारच्या खोलीवर पाटी लागेल, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक रजिस्टर, झाला कक्ष. त्या मॅडम चांगल्याच असतील, जीव तोडून काम करणाऱ्या पण असतील, पण त्याच मॅडम दुपारी वर्गात येणार, त्याच ओरलला समोर बसणार. आणि समजा पोरीचा त्रास मॅडमच्याच सहकाऱ्यापासून असेल तर? जातीवरून टोमणे मारणारा एखादा शिक्षक असेल, नको ते मेसेज करणारा असेल, तर ती कुणापाशी बोलणार, त्याच स्टाफरूमच्या शेजारी बसून?

सोलापूरची पोरं कोण आहेत ते नीट बघायला पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांसाठी केलेली योजना इथं जशीच्या तशी उतरवून चालत नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली. आई विड्या वळते. घरी गेलं की दप्तर ठेवून ही पण मांडीवर सूप घेऊन बसायची, पानं कापायची, वळायची, कारण दिवसाची हजार विड्यांची हजारी पुरी झाली नाही तर आठवड्याचं गणित बिघडतं. रात्री अकरा-बारानंतर पुस्तक. सकाळच्या तासाला डुलकी लागली की वर्गासमोर उभं करून विचारणा, 'रात्री काय करत होतीस?' त्यावर वर्ग हसला की ती खाली बघायची. तिच्याशी मी एकदा पोर्चमध्ये बोललो तेव्हा तिने पहिलं वाक्य काय म्हणावं, 'सर घरी फोन नका करू'. मी फोनचा विषयच काढला नव्हता.

ह्या एका वाक्यात सगळं आलं असं मला वाटतं. आपल्याकडच्या मुलींना सगळ्यात मोठी भीती मार्कांची पण नसते, घरी कळण्याची असते. घरी कळलं की 'कॉलेज झेपत नाही वाटतं' म्हणून कॉलेज बंद, आणि कॉलेज बंद झालं की स्थळं बघायला सुरुवात. अक्कलकोटवरून चाळीस किलोमीटर एसटीने येणारी मुलगी ही तर घरच्यांची परवानगी रोज नव्याने कमवत असते. तिला मन उदास वाटतंय हे कॉलेजने वडिलांना कळवणं म्हणजे तिची वाट बंद करणं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, उपचार घेणाऱ्याची माहिती तज्ज्ञाने बाहेर सांगायची नाही, जिवाला धोका असेल तर, किंवा अशाच मोजक्या कारणांसाठी, तेवढ्यापुरतं ते बाजूला ठेवता येतं, पण एरवी नाही. मेंटॉर सरांवर असं कुठलंच बंधन नाही. ते काळजीपोटीच फोन लावतात, पण लावतात.

मुलांचं दुखणं जरा वेगळं. सांगोला, मंगळवेढा, मोहोळकडून आलेला पोरगा, शहरात तीन-चार जणांत कॉट बेसिसवर राहिलेला, सकाळी ग्राउंडवर पोलीस भरतीचं रनिंग, दुपारी कॉलेज, रात्री अभ्यासिका. डिग्री चालूये पण डिग्रीवर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. दोन भरत्या गेल्या, घरी द्राक्षाचे नाहीतर डाळिंबाचे पैसे बुडालेत, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि हा घरी फोनवर सांगतो 'सगळं ओके आहे'. मित्रांना जरा काही बोलला की ठरलेलं उत्तर, 'टेन्शन नको घेऊ बे, होतंय की सगळं'. ते मायेनेच म्हणतात, त्यात खोट नाही, पण त्याच्यापुढं त्यांना पण काय बोलायचं कळत नाही, आणि हा परत गप्प.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की आजकालची पोरं नाजूक, आमच्या काळी कुठं होतं असलं काही. मला त्यांचा राग येत नाही, त्यांनी खरंच कष्ट काढलेत. पण त्यांच्या काळी सोलापुरात गिरणी होती. १८७७ ला पहिली गिरणी निघाली तेव्हापासून चार-पाच पिढ्या दहावी नापास पोरगं पण भोंग्यावर कामाला लागायचं, पगार कमी का असेना पण घर इथंच, माणसं इथंच. लक्ष्मी-विष्णू बंद झाली, नरसिंग गिरजी बंद झाली, यंत्रमागाचं काय चाललंय ते एमआयडीसीत जाऊन बघा. आज इथं शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षापासूनच माहिती असतं की काम पाहिजे असेल तर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायचं नाहीतर हैदराबादला. शिकायचं कशाला तर घर सोडायला. हा ताण त्यांच्या काळी नव्हता, त्यामुळे त्यांना तो दिसत नाही, एवढंच.

मग शिक्षकांनी काय करायचं, हात झटकायचे का? अजिबात नाही. शिक्षकाइतकं रोज पोरांना बघणारं दुसरं कुणी नाही, आईबाप पण नाहीत. शिक्षकाचं काम म्हणजे पोरातला बदल ओळखणं. नियमित येणारा पोरगा एकदम यायचा बंद झाला, सबमिशन थांबलं, शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला, आवडीच्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकायला लागला, 'आता माझं काही खरं नाही सर' असं हसत हसत म्हणाला, तर हे सगळं बघायला शिकवता येतं, दोन दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये पण बरंच येतं. आणि सरळ विचारायला शिकवता येतं, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असं विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. एवढं झालं की त्याला एकटं न सोडता काउन्सेलरपर्यंत सोबत चालत जायचं. शिक्षकाचं काम तिथे संपतं. पुढचं ऐकायचं, लिहायचं, उपाय सांगायचं काम त्याचं नाही. त्याच्यावर ते टाकणं हा त्याच्यावरही अन्याय आहे, कारण सीएचबीवरचा माणूस, ज्याचं स्वतःचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल का नाही हे माहिती नसतं, तो वीस-पंचवीस पोरांच्या मनाचा भार कुठल्या बळावर उचलणार?

आता पैशाचा प्रश्न. पहिला प्रश्न हाच येतो, पगार कोण देणार. दोन हजार पोरांचं कॉलेज धरा. डोक्यामागं वर्षाला २०० रुपये धरले तर चार लाख होतात, म्हणजे महिन्याला तेहतीस हजार. हे पैसे पोरांकडून घ्या असं मी म्हणत नाही, हातावर पोट असलेल्या घरातून आणखी काही काढू नका, ते शासनाने आणि संस्थेनेच द्यायला पाहिजेत, मी फक्त आकडा किती आवाक्यातला आहे ते दाखवतोय. गॅदरिंगच्या मंडपावर किती जातात ते प्रत्येक प्राचार्यांना माहितीये.

लहान कॉलेजांसाठी तर आपल्याकडे एक मोठा फायदा आहे. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं आहे. २००४ च्या आधी मार्कशीटची साधी दुरुस्ती असली तरी कोल्हापूर गाठावं लागायचं, ते अंतर कमी व्हावं म्हणून तर केगावला विद्यापीठ आलं. अकरा तालुके, सगळे दिवसात जाऊन येण्यासारखे. विद्यापीठानेच काउन्सेलर नेमले आणि बार्शीला एक, पंढरपूरला एक, अक्कलकोटला एक, सांगोला-मंगळवेढ्याला मिळून एक असे वाटून दिले, आठवड्याचे वार ठरवून दिले, तर तीनशे पोरांच्या कॉलेजाला पण माणूस मिळतो. आणि त्याचा पगार विद्यापीठाकडून येत असेल तर तो कुठल्या प्राचार्यांच्या किंवा संस्थाचालकांच्या दबावाखाली राहत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. स्थानिक संस्थेचा माणूस संस्थेतल्या माणसाविरुद्ध ऐकून घेताना कचरणारच.

फक्त एक कळकळीची विनंती, हा माणूस सीएचबीवर नेमू नका. दर जूनला नवा चेहरा आला तर पोरांनी परत पहिल्यापासून कशी सांगायची आपली गोष्ट? विश्वास बसायलाच वर्ष जातं. आणि तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणीतरी त्यात असलं पाहिजे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली मुलगी वर्गात फर्डं मराठी बोलते, पण रडू आलं की तोंडातून 'अम्मा'च येतं, अक्कलकोटकडच्या कितीतरी पोरांचं घर कन्नडात चालतं. खोली ऑफिसच्या शेजारी नको, दारावर पाटी नसली तरी चालेल, मेसेज करून वेळ घेता आली पाहिजे, रजिस्टरमध्ये नाव लिहून रांगेत बसवायचं नाही. आणि वेळ तास सुटल्यानंतरची पण एसटीच्या आधीची ठेवा, पाचनंतर काउन्सेलर भेटेल म्हणालात तर बाहेरगावच्या मुली कधीच येणार नाहीत.

काउन्सेलरने सगळं बरं होतं असं पण नाही. काहींना औषध लागतं, आणि औषधाची आपल्याकडे भयंकर भीती आहे, 'झोपेच्या गोळ्या देतात, सवय लागते, शॉक देतात'. डिप्रेशनवरची बरीच औषधं सवय लावणारी नसतात, फक्त डॉक्टरला न विचारता एकदम बंद करायची नसतात. प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. अडचण एवढीच असते की अठरा-वीस वर्षाचं पोरगं त्या गर्दीत एकटं जात नाही, ओळखीचं कुणी बघेल म्हणून, तर काउन्सेलरने आधी बोलून ठेवलं, वेळ ठरवून दिली तर ते जाईल. आणि रात्री-बेरात्री कुणाची गरज पडली तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलाय, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, तेलुगू-कन्नडमध्ये पण बोलता येतं, फोन करायला कारण मोठंच असलं पाहिजे असं काही नाही. हा नंबर प्रत्येक होस्टेलच्या खोलीत, हॉल तिकिटावर, निकालाच्या पेजवर का नसावा? निकालाचा दिवस तर सगळ्यात नाजूक.

आणखी एक गोष्ट काउन्सेलरकडून होऊ शकते जी मेंटॉरच्या फॉर्ममधून कधीच झाली नाही, ती म्हणजे पाणी कुठं मुरतंय ते कळणं. नावं न सांगता त्याने दर सेमिस्टरला विद्यापीठाला कळवायचं, पोरं कशामुळे हैराण आहेत. समजा त्यातून दिसलं की महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून फी थकली आणि फी थकली म्हणून ऑफिसने कागद अडवून ठेवले, त्याने पोरं झोपत नाहीयेत, तर इलाज समुपदेशनाचा नाहीच, इलाज ऑफिसात आहे. रिव्हॅलचा, म्हणजे पेपर परत तपासून घेतल्याचा, निकाल पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर लागत असेल तर त्या पोराला 'दीर्घ श्वास घे' सांगण्यात काय अर्थ आहे, निकाल लवकर लावा. पोराच्या मनातला दोष शोधत बसायचं आणि आपल्या कारभारातला सोडून द्यायचा असं होऊ नये म्हणून पण हा माणूस कॉलेजच्या बाहेरचा पाहिजे.

विद्यापीठाचं बजेट अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, मंजूर होतं. तिथे निवडून गेलेले पदवीधर आहेत, प्राध्यापक आहेत, त्यातले बरेच जण आपल्या ओळखीचे असतात, लग्नात भेटतात, नवी पेठेत भेटतात. त्यांना गाठून विचारा की येत्या बजेटमध्ये पूर्णवेळ काउन्सेलरांच्या पगारासाठी वेगळी तरतूद आहे का, आणि नसेल तर तुम्ही मागणार का. आणि ज्यांच्या घरातलं पोरगं या जूनला ॲडमिशन घेणारे त्यांनी काउंटरवर फी भरायच्या आधी तीनच गोष्टी विचाराव्यात: इथं काउन्सेलर आहे का, तो माझ्या मुलीला शिकवणार आहे का, आणि ती त्याच्याशी बोलली तर मला फोन येणार का. पहिल्याचं उत्तर हो आणि पुढच्या दोन्हींचं नाही मिळायला पाहिजे, आणि तिसऱ्याचं 'नाही' ऐकल्यावर बाप म्हणून राग न येता आपल्याला बरं वाटायला पाहिजे.